खंडागळे सरांचं नाक

नोकरीच्या पहिल्याच दिवशी खंडागळे सरांनी मला कारखान्याच्या दारात अडवलं. चूक आईची होती. मुलगी पहिल्यांदा कामाला निघाली म्हणून तिने माझ्या केसात मोगऱ्याचा गजरा माळला होता, आणि मी तो शनिवार पेठेपासून वाघोलीपर्यंत, दोन बस बदलत, जिवापाड सांभाळून नेला होता. दारात पांढरा कोट घातलेले एक उंच, शिडशिडीत, सावळे गृहस्थ उभे होते. त्यांनी माझं नेमणुकीचं पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं आणि अत्यंत सौजन्याने म्हणाले, "गजरा छान आहे. तो घरी जाऊ दे, तुम्ही थांबा."

गजरा वॉचमनच्या खोलीतल्या खिळ्यावर लटकला. मग सरांनी मला कुठला साबण वापरता, केसांना काय लावता, पावडर लावली आहे का, अशी मुलगी बघायला आलेल्या आत्याबाईंसारखी चौकशी केली आणि नुसत्या पाण्याने तोंड धुवून यायला सांगितलं. ऑफिसात पाऊल टाकण्याआधी माझी धुलाई झाली. या माणसाशी आपलं जमणार नाही, असं मी तिथल्या नळावर उभी राहून ठरवून टाकलं.

पावडरच्या कारखान्यात नोकरी लागली असं सांगितल्यावर आमच्या नातेवाइकांना वाटलं, अंगाला लावायची. धाकटा भाऊ तेव्हा कॉम्प्युटर शिकत होता, त्यामुळे घरातल्या कौतुकाचा सगळा साठा तिकडेच खर्च होत असे. आमची पावडर खायची होती. आलं, वेलदोडा, संत्रं, लिंबू यांचं सुगंधी तेल डिंकाच्या पाण्यात घालायचं आणि मशीनमध्ये इतकं घुसळायचं, की दूध वाटावं. मग ते दूध तीन मजली पोलादी टॉवरच्या माथ्यावर चढवायचं. तिथे एक चक्री गरगर फिरत असे. ती त्या दुधाचा धुक्यासारखा फवारा उडवी. टॉवरमध्ये कढत हवा सोडलेली. थेंब खाली पोचेपर्यंत त्यातलं पाणी उडून जाई आणि तळाला कोरडी पांढरी पावडर पडे. तिच्या प्रत्येक कणात आत तेल आणि बाहेर डिंकाचं कवच.

कॉलेजात मी याला एक लांबलचक इंग्रजी नाव शिकले होते. सर त्याला करंजी म्हणत. सारण आत, पारी बाहेर. पारी धड बसली नाही की सारण बाहेर येतं, तसं कवच धड बसलं नाही की तेल कणाच्या बाहेर राहतं. बाहेर राहिलेलं तेल हवेने खवट होतं, पावडरीचे गोळे होतात आणि माल वाया जातो. म्हणून आमच्याकडे एक उलटाच न्याय होता. आल्याच्या पावडरीला आल्याचा वास आला की ती नापास. वास न येणारी पावडर उत्तम. गरम पाणी पडलं की कवच विरघळायचं आणि मग घमघमाट. "वास कपात सुटला पाहिजे, पोत्यात नाही," हे सरांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की अजून चहा ओतताना ते आठवतं.

आणि कप तेव्हा भराभर वाढत होते. बाजार खुला झाला होता, विमाननगरपासून हिंजवडीपर्यंत काचेच्या इमारती उठत होत्या, आणि त्या इमारतींत बसणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांना चहा आणून द्यायला कोणी नव्हतं. त्यांच्यासाठी बटण दाबलं की चहा देणारी मशीन आली होती. त्या मशीनच्या तयार मिश्रणात आलं आणि वेलदोडा आमचा असे. पुण्यातले अर्धे कॉम्प्युटर आपल्या आल्यावर चालतात असं आमच्या शेठना प्रामाणिकपणे वाटायचं.

माल पास करायचं काम सरांच्या नाकाचं. तो एक सोहळाच होता. दत्तोबा, म्हणजे टॉवरवरचे आमचे ऑपरेटर, तळातून चिमूटभर पावडर कागदावर आणून देत. सर ती डाव्या तळहातावर घेत, मूठ मिटत आणि तशीच मिटलेली मूठ घेऊन फाटकाजवळच्या कडुनिंबापर्यंत चालत जात. तिथे उभे राहून दोन-तीन मोठे श्वास सोडत, मग मूठ उघडून एकदाच हुंगत. फक्त एकदा. दुसऱ्यांदा हुंगणाऱ्याला पहिल्याचा भरवसा नसतो, असं त्यांचं मत. मग परत येऊन एक तर "पोती शिवा" म्हणत, नाही तर "करंजी फुटली" म्हणत. तिसरा निकाल मी कधी ऐकला नाही.

या नाकासाठी त्यांनी काय काय सोडलं होतं! डबा कांद्यालसणाशिवायचा. विडी, तंबाखू, पान यांचं नाव नाही. चहासुद्धा नाही. निम्म्या पुण्याला आल्याचा चहा पाजणारा हा माणूस स्वतः कोमट पाणी प्यायचा आणि कपाची परीक्षा आम्हा बाकीच्यांवर सोपवायचा. कारखान्यात अत्तर, गजरा, डोक्याला सुवासिक तेल, सगळं बंद. एकदा शेठना कोणीतरी परदेशातून सेंटची बाटली आणून दिली आणि शेठ ती अंगभर मारून आले. सरांनी मालकाला त्याच्याच कारखान्याच्या दारात थांबवलं. शेठ बाहेर अंगणात, सर आत खिडकीत, अशी त्या दिवशीची मीटिंग झाली. शेठ घाम पुसत होते आणि सर शांतपणे एकेका ऑर्डरचं बोलत होते. शेठनी ती बाटली पुढे कोणाला तरी देऊन टाकली.

सगळ्यांना अहो-जाहो करायची सरांची सवय होती. दत्तोबांना, झाडणाऱ्या बाईंना, मला, इतकंच काय, फाटकावरच्या कुत्र्यालाही. "अहो, जरा बाजूला होता का?" असं त्यांनी म्हटलं की ते कुत्रं खरोखर उठत असे. ओरडणं त्यांना माहीत नव्हतं. पण ते "आपण जरा विचार करून पाहिलात का?" असं विचारत, तेव्हा माणसाला ओरडलेलं बरं वाटे.

राहायला ते विश्रांतवाडीला. वडील खडकीच्या लष्करी डेपोत हमाल होते आणि घरात शिकलेलं पहिलं पोर म्हणजे हे. डिप्लोमा करून ते आधी दूध पावडरीच्या कारखान्यात लागले आणि तिथे टॉवर शिकले. दूध सरळ असतं, तेल लबाड असतं, असा त्यांचा दोन्ही नोकऱ्यांचा सारांश होता. घर बौद्ध, त्यामुळे खंडेनवमीला यंत्रांची पूजा असली की सर हात जोडायला पुढे येत नसत. पण आदल्या दिवशी टॉवरच्या आत स्वतः उतरून ते त्याची भिंत न् भिंत घासून काढत. शेठनी एकदा पूजेला बोलावलं तर म्हणाले, "पूजा तुम्ही करा, आंघोळ मी घातली आहे." उदबत्ती मात्र फाटकाबाहेरच लावायची. देवालाही सवलत नव्हती.

आता माझं. मला घेतलं होतं ते प्रयोगशाळा उभी करायला. मोठ्या कंपन्या मालाबरोबर कागद मागायला लागल्या होत्या, आणि नाकाचा कागद कसा देणार? मी एक चाचणी बसवली. पावडर पेट्रोलसारख्या एका द्रावकाने अलगद धुवायची, गाळायची, द्रावक उडवून द्यायचा आणि खाली राहिलेलं तेल वजनकाट्यावर ठेवायचं. तेवढं तेल कणांच्या बाहेर होतं, हे पक्कं. सरांनी सगळा खटाटोप हात मागे बांधून पाहिला. म्हणाले, माझ्या नाकाला एक श्वास लागतो, तुमच्या बाटल्यांना अर्धा दिवस, पण चालू द्या, मुलांना खेळ हवा. मी जळफळले. आणि त्याहून जळफळाट असा, की माझा निकाल नेहमी त्यांच्याच निकालाला येऊन मिळायचा. त्यांनी पास केलेल्या पावडरीत मला तेल सापडायचं नाही, त्यांनी नापास केलेल्यात हमखास सापडायचं. वर्षभरात मी माझी वही उघडण्याआधीच त्यांच्या निकालावर विश्वास ठेवायला लागले. ते चुकतील हे माझ्या मनातच येईना.

एका होळीला सरांना जबरदस्त सर्दीताप झाला. आठवडाभर आले नाहीत. परत आले तेव्हा थोडे उतरलेले दिसत होते, पण सोहळा पुन्हा सुरू झाला. फक्त एक बदल मला जाणवला. सर कडुनिंबाखाली आता दोनदा हुंगायचे, आणि परत आल्यावर निकाल देण्याआधी क्षणभर माझ्याकडे किंवा दत्तोबांकडे बघायचे. अशक्तपणा असेल, असं मला वाटलं.

बुद्धपौर्णिमेला त्यांच्या घरी खीर असायची आणि आम्हा सगळ्यांना बोलावणं. त्या वर्षी खीर लागली होती. चांगलीच. जिन्यातच करपल्याचा वास आला. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, शाळेत शिक्षिका होत्या. त्या अगदी ओशाळून गेल्या आणि वाट्या भरायलाच तयार होईनात. सरांनी स्वतः वाटी भरून घेतली, चमचाभर तोंडात घातली आणि म्हणाले, काय झालंय हिला, छान आहे की. वहिनींनी त्यांच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. मी मात्र भारावून घरी आले आणि आईला सांगितलं, नवरा असावा तर असा. आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी पेपर वर केला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आल्याची एक मोठी ऑर्डर निघाली. दत्तोबांनी कागदावर चिमूट आणली तेव्हा मी शेजारीच होते, आणि मला आल्याचा वास आला. अगदी स्पष्ट. दत्तोबा पुटपुटले, "सायेब, त्या घुसळायच्या मशीनचा काटा सकाळधरनं हलतुया. प्रेशर धरत न्हाय." सरांनी मान हलवली, मूठ मिटली, कडुनिंबाकडे गेले. परत येऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत होते. मुद्दामच. त्यांच्या निकालाआधी आपण तोंड वेडंवाकडं करणं मला आगाऊपणाचं वाटलं.

"पोती शिवा," सर म्हणाले.

मी चाचणी केली. तेल निघालं, नेहमीच्या कितीतरी पट. माझं काहीतरी चुकलं असणार म्हणून पुन्हा केली. पुन्हा तेवढंच. तर मी काय केलं असेल? मी वहीचं ते पान दुमडून ठेवलं. बाटल्या नीट धुतल्या नसतील, काटा हलला असेल, मलाच सर्दी होणार असेल, अशी सगळी कारणं मला पटली. सरांचं नाक चुकलं असेल, हे एकच पटलं नाही. प्रयोगशाळेत बसलेली शिकली-सवरलेली मुलगी मी, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आकडा दडपला. आजही हे लिहिताना लाज वाटते.

महिन्याभराने भाऊ घरी आला, त्याला तेव्हा नवीनच नोकरी लागली होती. म्हणाला, "ताई, आमच्या ऑफिसचं चहाचं मशीन सारखं तुंबतंय. आणि आलाच चहा, तर जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास मारतो." सगळा मजला खाली टपरीवर जाऊन उभा राहतो आणि मॅनेजर वैतागलेत, असं तो मजेत सांगत होता. मला वहीतलं ते दुमडलेलं पान आठवलं.

दोन दिवसांत पोती परत आली. शेठनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. सर, दत्तोबा आणि मी. शेठ वाईट माणूस नव्हते, पण त्यांचा त्या दिवशी पार तोल सुटला होता. मालाचे दगड झाले होते आणि ते गिऱ्हाईक तुटलं तर कारखान्याचा निम्मा व्यवसाय जाणार होता. खंडागळेंनी पास केलेला माल खराब निघतोच कसा, म्हणजे पास केल्यावर कोणीतरी घोळ केला, म्हणजे दत्तोबाने, असा त्यांनी हिशेब लावला. आदल्याच महिन्यात दत्तोबांनी पुतण्याच्या लग्नासाठी दांडी मारली होती, ती आठवणही निघाली. उद्यापासून येऊ नकोस, असं शेठ त्यांना म्हणाले. दत्तोबांच्या घरी पाच माणसं खाणारी. "म्या सांगितलं हुतं साहेबांना," एवढंच ते हळू बोलले, तेही शेठकडे न बघता.

सर उठले. शेजारच्या माझ्या प्रयोगशाळेत गेले आणि आल्याच्या तेलाची बाटली घेऊन आले. ते तेल इतकं जहाल असतं, की झाकण नुसतं सैल केलं तरी आम्ही खिडक्या उघडतो. सरांनी झाकण काढून टाकलं आणि बाटली नाकाशी धरली. शेठ खोकायला लागले, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, दत्तोबा दोन पावलं मागे सरकले. सर तसेच उभे, पाण्याचा पेला धरावा तसे.

"शेठ, मला काही येत नाही," ते म्हणाले. "होळीपासून. वाटलं होतं परत येईल. ह्यांचा दोष नाही, माझा आहे."

सर बाटली धरूनच होते, त्यांना ती बंद करायचं सुचलं नाही. शेवटी मी ती त्यांच्या हातातून घेतली, आणि मग मलाही राहवेना. वही आणली, दुमडलेलं पान उलगडलं आणि शेठपुढे ठेवलं. शेठ एकदा पानाकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं, ओरडायचं नक्की कोणावर हे त्यांना ठरवता येईना. दत्तोबांची नोकरी राहिली. माझी का राहिली, हे मला अजून कळलेलं नाही.

बाहेर आल्यावर मी सरांची माफी मागितली. ते म्हणाले, "मॅडम, मी लपवलं ते भीतीने. नाक गेलं तर माझ्याकडे दुसरं काय होतं? पण तुमच्याकडे आकडा होता. आपण जरा विचार करून पाहिलात का?" मग म्हणाले की खीर करपल्याचं सुद्धा त्यांना वहिनींच्या तोंडावरून रात्री कळलं. यावर हसावं की काय ते कळेना, पण ते स्वतःच हसले, म्हणून मीही हसले.

सरांनी राजीनामा लिहून दिला होता. शेठनी तो वाचला नाही. टॉवर यांच्याइतका कोणाला कळतो, असं म्हणत त्यांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला. पण सरांनी एक गोष्ट स्वतः बदलली. मालाच्या कागदावर आता माझी सही लागेल आणि चाचणीचा आकडा आल्याशिवाय पोतं शिवायचं नाही, असं त्यांनी दत्तोबांना माझ्यासमोर सांगितलं. त्याच आठवड्यात घुसळायच्या मशीनची झिजलेली झडप त्यांनी स्वतः बसून बदलली.

तरी सोहळा काही त्यांनी सोडला नाही. चिमूट ते अजूनही तळहातावर घेत, मूठ मिटून कडुनिंबापर्यंत चालत, पण आता मला बरोबर नेत. तिथे मूठ माझ्या नाकाखाली उघडत आणि स्वतः माझा चेहरा बघत. मी तोंड उघडायच्या आत निकाल सांगून मोकळे होत. माझी एक भुवई म्हणे वास आला की हलते. हे मला जन्मात कोणी सांगितलं नव्हतं. आकडा संध्याकाळी यायचा आणि सर बरोबर ठरायचे. बाटल्यांशी त्यांची शर्यत संपली नव्हती, फक्त नाक बदललं होतं. कबुली दिल्यापासून ते हलके झाले होते. कांद्याची भजी खायला लागले, चहासुद्धा. चव कळत नाही, पण गरम लागतो, म्हणायचे.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. त्यानंतरही आम्ही भेटलो, पण मला ते आठवतात ते त्या निरोपाच्या दिवशीचे. कारखान्याच्या अंगणात मांडव, वहिनी नव्या साडीत, शेठच्या हातात भाषणाचा कागद. सरांना शाल दिली, हार घातला. सर ओशाळून खुर्चीच्या कडेवर बसले होते. शेवटचा माल सरांच्या हातून पास व्हावा अशी दत्तोबांचीच कल्पना. त्यांनी सगळ्यांदेखत कागदावर चिमूट आणली. संत्र्याची पावडर होती. सरांनी ती तळहातावर घेतली, कडुनिंबापर्यंत चालत गेले, आणि मी त्यांच्या मागे. अख्खा मांडव आमच्याकडे बघत होता.

मूठ उघडली. संत्र्याचा वास आला. फार नाही, अगदी पुसट. एवढा चालला असता. संध्याकाळी चाचणी होणारच होती, खराब निघाला तर उद्या मी थांबवला असता, सरांना कळलंही नसतं. मी चेहरा दगडासारखा ठेवला, भुवईसुद्धा दाबून धरली आणि म्हणाले, "ठीक आहे, सर."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. नेहमीपेक्षा थोडं जास्त वेळ.

"आज भुवई हलली नाही," ते म्हणाले. "धरून ठेवलीत." मग मांडवाकडे वळून, "दत्तोबा, पोती शिवू नका. करंजी फुटली आहे."

त्यांनी हार काढून वहिनींच्या हातात दिला. कोणीतरी थांबा म्हणालं, उद्या बघू म्हणालं, पण ते टॉवरच्या शिडीपाशी पोचलेही होते. डोक्याला टोपी चढवली आणि शाल खांद्यावर तशीच ठेवून, एकेक पायरी चढत, बिघाड शोधायला चक्रीकडे वर वर गेले. वहिनींनी मला विचारलं, हे आता कधी उतरणार? मी सांगितलं, माहीत नाही.

वरून त्यांचा आवाज आला, "मॅडम, वर या. मला नाक लागेल."

शेठनी भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवला, आणि मी शिडी चढायला लागले.